खोली वजा आठ

धाकट्याचा डावा पाय हलेनासा झाला तेव्हा चेंबरचं दार उघडायला अजून एकसष्ट तास होते.

बुधवार, दुपारचे बारा चाळीस. जहाज धक्क्याला बांधलेलं. त्याच्या पोटात, तीन जिने खाली, पाच पावलं लांबीचं एक पोलादी नळकांडं होतं आणि त्यात दोन सख्खे भाऊ बंद होते. दोघेही पाणबुडे. अकरा दिवस त्यांनी समुद्रतळाशी, एकशेवीस मीटर खोलीवर, पाइपलाइनचा फुटका सांधा बसवला होता. सोमवारी सकाळी सहाला परतीचा प्रवास सुरू झाला. प्रवास म्हणजे एकाच जागी बसून राहणं. एवढ्या खोलीवर माणसाच्या रक्तामांसात वायू मुरतो. दाब हळूहळू उतरवला तर तो श्वासावाटे निघून जातो, आणि घाई केली तर सोड्याच्या बाटलीसारखं रक्त फसफसतं. म्हणून चेंबरमधला दाब मीटरामीटराने कमी करायचा, आणि प्रत्येक मीटरला किती मिनिटं थांबायचं ते कॉम्प्युटरने छापलेल्या तक्त्यात बघायचं. मधेच दार उघडलं तर आतला माणूस जागच्या जागी संपला.

दाबाच्या पॅनेलवर मामा बसले होते. ते त्या दोघांचे खरेच मामा, आईचे सख्खे भाऊ. जहाजावर मात्र त्यांना सगळे घड्याळ म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांनी एक मिनिट इकडचं तिकडे केलं नव्हतं.

गेज अठ्ठावन्न मीटर दाखवत होता. फोनमधून थोरल्याचा आवाज आला. आतल्या हवेत हेलियम असतं, त्यामुळे माणसाचा आवाज बदकासारखा चिरका होतो. तो सरळ करणारं यंत्र होतं, पण घाबरलेला आवाज त्यालाही नीट करता येत नसे.

"मामा, याला गुडघ्यात कळ आली होती. आता म्हणतो पायच नाहीये."

डॉक्टर तिथेच होते. त्यांनी एका क्षणात सांगितलं, दाब आठ मीटरने परत वाढवा. मामांनी उपचारांच्या पुस्तकावर बोट ठेवलं. पुस्तकात दहा होते. डॉक्टर म्हणाले, आठ पुरेत. मामांनी झडप फिरवली आणि गेज सहासष्टवर आणला. तीन वाजेपर्यंत धाकट्याची बोटं हलायला लागली.

संध्याकाळी पाचला मॅनेजरने मामांना पॅनेलवरून उठवलं, जोडीच्या ऑपरेटरला बसवलं आणि मामांना वरच्या एका केबिनमध्ये बसायला सांगितलं. कडी कोणी लावली नाही. पण दाराबाहेर माणूस उभा होता.

गुरुवारी सकाळी नऊला सागरी सुरक्षा कार्यालयाच्या तपासनीस बाई जहाजावर चढल्या. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. या नोकरीत येण्याआधी वीस वर्षं त्यांनी एका धरणाच्या कचेरीत प्रोग्राम लिहिले होते. बंद जागेचं त्यांना वावडं होतं. सिनेमालाही त्या कडेची खुर्ची घेत. तिसरा जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता, पण कोणाला दिसू दिलं नाही.

मॅनेजरच्या मते प्रकरण सरळ होतं. धाकट्याची बायको दिवस भरलेली. बहिणीचे मामांना रोज फोन, पोरगा कधी घरी येणार म्हणून. माणूस कितीही घड्याळ असला तरी भाच्यासाठी काटा पुढे सरकवणारच. मॅनेजर वाईट नव्हता. त्याला फक्त लवकरात लवकर एक नाव हवं होतं. डॉक्टरांनी नवा तक्ता काढून ठेवला आहे, चारला दाब उतरवायला सुरुवात करू, तोवर तुमचे कागद उरका, असं त्याने सुचवलं.

बाईंनी आधी चेंबर पाहिलं. ताटाएवढ्या गोल काचेतून आतले दोन फळ्यांचे बिछाने दिसले. एकावर धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. थोरला काचेशी आला आणि त्याने फोन उचलला.

बाईंनी स्वतःची ओळख करून दिली आणि विचारलं, बुधवारी सकाळपासून काय वेगळं घडलं.

तो बराच वेळ आठवत राहिला. वेगळं काहीच नाही, म्हणाला. जेवण औषधं आत सरकवायच्या खिडकीतून आलं, झोप झाली. मग त्याला एक गोष्ट सुचली. डॉक्टर त्या दिवशी दर तासाला फोनवर येत होते. गुडघे कसे आहेत, खांदे कसे आहेत. एरवी ते दिवसातून एकदा येत.

"सकाळी कितीपासून?"

"नाश्ता झाला तेव्हापासून. आठ असतील."

"आणि कळ आली बारा चाळीसला."

"हो." मग तो म्हणाला, "बाई, एक विचारू? चारला सुरू करणार म्हणतात. तुम्ही थांबा म्हणालात तर थांबूच, आम्ही जाणार कुठे. पण आम्ही कोणाच्या आकड्यावर जगतोय, तेवढं कळू दे."

कळेल, असं बाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला.

मामा केबिनमध्ये खुर्चीच्या टोकावर बसले होते. रात्रभर ते तसेच बसले असावेत. टेबलावरचा मोबाइल थरथरला, त्यांनी पाहिला आणि पालथा घातला. बहीण, म्हणाले. कालपासून सतरा वेळा. काय सांगू तिला?

"तुम्ही घाई केलीत?"

"नाही."

"तक्ता पाहिलात तेव्हा काही खटकलं?"

मामांनी मान खाली घातली. खटकलं होतं. एकशेवीस मीटरवरून बाहेर यायला आजवर साडेपाच दिवस लागायचे. या वेळचा तक्ता चार दिवस वीस तासांचा होता. त्यांनी डॉक्टरांना विचारलंही होतं. डॉक्टर म्हणाले, हवेचं मिश्रण नवीन आहे, वेळ कमी लागतो. डॉक्टरांचा हात हलका, शब्दही मऊ. तीन वर्षांपूर्वी मामांच्या छातीतलं दुखणं त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं होतं. त्या माणसावर शंका घेणार कशी?

"आणखी काही?"

"उपचाराचा गॅस." मामा आठवून बोलत होते. बुधवारी दहा वाजता डॉक्टरांनी उपचाराच्या गॅसची टाकी मास्कच्या नळीला जोडून ठेवायला सांगितली होती. रजिस्टरमध्ये नोंद आहे. असू दे तयार, म्हणाले. नशीब म्हणायचं, नाहीतर नंतर जोडायला वीस मिनिटं गेली असती.

दहा वाजता, एवढंच बाईंनी कागदावर टिपून घेतलं.

त्यांनी मामांची फाइल मागवली. गेल्या नऊ वर्षांचे तक्ते तीत तारखेनुसार लावलेले होते. दाबाची नोंद करणाऱ्या यंत्राचा गुंडाळी कागदही आला. बाईंनी तो जमिनीवर पसरला आणि गुडघ्यांवर बसून सोमवारच्या तक्त्याशी ताडून पाहिला. अर्धा तास लागला. प्रत्येक मीटरला तक्त्यात जेवढी मिनिटं, तेवढीच कागदावर. मामांनी काटा केसभरही सरकवला नव्हता. मिनिटंच कमी छापली होती.

मग त्यांनी सोमवारचा तक्ता हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. पहिली ओळ, खोली एकशेवीस. दुसरी ओळ, ऑक्सिजनचं प्रमाण. त्याखाली आधीच छापलेला मीटरचा रकाना आणि त्यासमोर प्रोग्रामने भरलेली मिनिटं. तळाशी बारीक अक्षरात पुन्हा एक ओळ होती, खोली एकशेबारा.

बाईंनी जुने तक्ते उलटले. नव्वद, नव्वद. एकशेदहा, एकशेदहा. एकशेवीस, एकशेवीस. नऊ वर्षं वरचा आणि खालचा आकडा एकच होता. खालची ओळ कोणी वाचतच नव्हतं, आणि का वाचावी? वर लिहिलेलंच तर खाली असणार.

डॉक्टरांनी चारसाठी काढलेला नवा तक्ता पॅनेलजवळच्या चिमट्याला लावलेला होता. वर खोली चौऱ्याहत्तर, खाली सहासष्ट. गेजसुद्धा सहासष्टवरच होता.

बाई जिना चढून तक्त्यांचा प्रोग्राम सांभाळणाऱ्या प्रोग्रामरच्या खोलीत गेल्या. खोलीला खिडकी नव्हती. तिशीची मुलगी, डोळे सुजलेले. मॅनेजरचं एक नाव मामांचं असलं तर दुसरं आपलं असेल, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. बाईंनी दार अर्धं उघडं ठेवलं आणि तिच्याशेजारी स्टूल ओढलं.

तक्त्याचा मूळ प्रोग्राम फोरट्रान या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत होता. एका निवृत्त मास्तरांनी लिहिलेला. तज्ज्ञांची समिती दरवर्षी तो तपासून शिक्का मारत असे आणि त्याला हात लावायला बंदी होती. तीन आठवड्यांपूर्वी त्यात एकच नवी गोष्ट जोडली गेली, डॉक्टरांनी स्वतः लिहिलेलं एक फंक्शन. त्याला खोलीचा आकडा द्यायचा, ते ऑक्सिजनचं प्रमाण सांगतं. डॉक्टरांचा सिद्धांत असा की शरीराला खोली आठ मीटर कमीच जाणवते. समितीने हे ऑक्सिजनपुरतं मान्य केलं होतं. दाब उतरवण्याचा वेळही याच हिशेबाने कमी करावा, हा त्यांचा दुसरा अर्ज मात्र फेटाळला होता, सलग दोन वर्षं.

बाईंनी फंक्शन पडद्यावर आणायला सांगितलं. नऊ ओळी. नीटनेटक्या. खोली आत येते, तिच्यापुढे इंटेंट इन असे शब्द आहेत, म्हणजे हा आकडा फक्त वाचायचा, बदलायचा नाही. पुढच्या ओळीत खोलीची वेगळी प्रत काढली आहे. त्या प्रतीतून आठ वजा केले आहेत. बाकी हिशेब प्रतीवर. मूळ आकड्याला धक्का नाही. पुस्तकात छापावं असं.

"हा चालवून दाखव. खोली सहासष्ट."

मुलीने तिच्या कॉम्प्युटरवर तोच मजकूर कंपाइल केला, म्हणजे त्याचा चालता प्रोग्राम बनवला, आणि चालवला. वर सहासष्ट, खाली सहासष्ट.

"आता पॅनेलवरच्या कॉम्प्युटरवर. आकडा तोच."

मुलगी म्हणाली, तो सीलबंद आहे. चेंबरमध्ये माणसं असताना त्यात नवा प्रोग्राम घालता येत नाही, कायदाच तसा आहे. बाई म्हणाल्या, घालायचा नाहीये, आत आहे तोच चालवायचाय. दोघी खाली गेल्या. छापून आलं ते असं, वर सहासष्ट, खाली अठ्ठावन्न.

मुलीने कागद दोनदा वाचला. बाईंनी तिला जिन्याच्या पायरीवर बसवलं.

"तुझ्याकडे आहे तो मजकूर आणि आत चालतोय तो प्रोग्राम, दोन्ही एक नाहीत. तुझ्या फाइलवर बदलाची तारीख कोणती?"

"मघाशी पाहिली. काल संध्याकाळची, सव्वासहा." तिचा आवाज बारीक झाला. "मी तेव्हा जेवायला गेले होते. पण पासवर्ड डॉक्टरांनाही माहीत आहे. सगळ्यांनाच. कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवलीय."

"किल्ली उंबऱ्यावर ठेवून कुलूप लावलंस म्हणजे. बरं, तीन आठवड्यांपूर्वी काय झालं ते सांग. पहिल्या झटक्यात कंपाइल झालं होतं?"

मुलीने सांगितलं. झालं नव्हतं. डॉक्टरांनी प्रत काढलीच नव्हती, थेट खोलीतूनच आठ वजा केले होते. पुढे इंटेंट इन होतंच, कारण तिने त्यांना सांगून ठेवलं होतं की मास्तरांचा नियम आहे. कंपायलर अडला. संदेश आला, खोली फक्त वाचायला दिलेली आहे, तीत बदल करता येणार नाही. तिने तो वहीत उतरवला, त्याची छापील चिठ्ठी डॉक्टरांना दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्त फाइल आणली. ती बिनतक्रार कंपाइल झाली.

"उघडून पाहिलीस?"

"नाही."

"का?"

"उत्तरं बरोबर येत होती. ऑक्सिजनचे चाळीस नमुने तपासले, चाळीसच्या चाळीस बरोबर."

"आणि खोली?"

"खोली तर मीच दिलेली होती," मुलगी म्हणाली. "आपण दिलेली गोष्ट परत कोण तपासतं?"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग वही मागून घेतली.

डॉक्टर त्यांच्या खोलीत फळं कापत होते, धाकट्याला पाठवायला. पंचावन्नचे, सौम्य, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी बाईंना खुर्ची दिली. मामांबद्दल ते कळवळून बोलले. चांगला माणूस, पण नात्यात गुंतलेल्या माणसाला पॅनेलवर बसवूच नये.

"नव्या तक्त्यात खोली चौऱ्याहत्तर घातलीय," बाई म्हणाल्या. "गेज सहासष्ट दाखवतोय."

"हो. जास्त धरलेली बरी. आजारी माणूस आहे आत."

"चौऱ्याहत्तरच का? सत्तर नाही, ऐंशी नाही."

डॉक्टर हसले. "अंदाज हो. वैद्यकी म्हणजे काही पाढे नव्हेत."

"काल दाब आठने वाढवलात. पुस्तकात दहा आहेत."

"तोही अंदाजच." सुरी थांबली नव्हती, पण फोडी आता जाड पडत होत्या. "गुण आला ना?"

आला, असं म्हणून बाई उठल्या.

साडेतीनला त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं. मॅनेजर, डॉक्टर, प्रोग्रामर. मामांनाही आणायला सांगितलं. ते आले आणि काचेकडे न बघता भिंतीला टेकून उभे राहिले. चेंबरचा फोन बाईंनी चालू ठेवला. आतल्यांनी ऐकायला हवं, एवढंच म्हणाल्या. खाली हवा कोंदट होती, पॅनेलवरचा ऑपरेटर धरून सहा माणसांनी जागा भरून गेली होती. त्यांनी टेबलावर तीन कागद मांडले.

"सोमवारचा तक्ता. वर एकशेवीस, खाली एकशेबारा. मास्तर जुन्या वळणाचे होते. त्यांनी खोली एकदा सुरुवातीला छापली आणि एकदा शेवटी. मधे आठ मीटर हरवले. कुठे? मधे एकच गोष्ट घडते, डॉक्टरांच्या फंक्शनला खोली दिली जाते."

मॅनेजर म्हणाला, पण ते तर ऑक्सिजन काढतं.

"ऑक्सिजन काढतं आणि बरोबर काढतं. म्हणूनच कोणाला कळलं नाही. फोरट्रानमध्ये फंक्शनला आकडा देणं म्हणजे त्याची झेरॉक्स देणं नव्हे, मूळ कागदच हातात देणं. समोरच्याने त्यावर खाडाखोड केली तर ती तुमच्याच कागदावर राहते. आकडा बदलायचाच असेल तर आधी आपली प्रत काढावी आणि तिच्यावर काय ते करावं. मूळ कागद सुरक्षित राहावा म्हणून त्यावर फक्त वाचण्यासाठी असा शिक्काही मारता येतो. मग कंपायलर पहारेकऱ्यासारखा उभा राहतो. यांनी प्रत काढली नाही. खोली बरोबर खोली वजा आठ, असं थेट मूळ आकड्यावर लिहिलं. त्यानंतरचा सगळा तक्ता एकशेबारा मीटरच्या माणसांसाठी छापला गेला, आणि आत होती एकशेवीस मीटरची माणसं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. शांतपणे म्हणाले, तसं असेल तर फार वाईट झालं. पण ही नवशिक्याची चूक आहे. मी डॉक्टर, प्रोग्रामर नव्हे. प्रत काढायची राहिली.

"चूक एक दिवस होती," बाई म्हणाल्या. त्यांनी प्रोग्रामरची वही उघडून पुढे सरकवली. "या दिवशी पहारेकऱ्याने तुम्हाला अडवलं. खोली बदलतेय, चालणार नाही, असं लिहून दिलं. दुरुस्ती सोपी होती, प्रत काढायची. तुम्ही पहारेकऱ्यालाच घरी पाठवलंत. इंटेंट इन हे शब्द खोडलेत. शब्द गेले, तक्रार गेली. दुसरा कुठलाही मार्ग घेतला असतात तर आज सीलबंद कॉम्प्युटरमध्ये खोली कमी झालीच नसती. त्या दिवसापासून ती चूक राहिली नाही."

फोनमधून यंत्राची बारीक खरखर येत होती.

"मला माहीत होतं कशावरून?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हीच वेळोवेळी सांगितलंत. मामांनी वेळ कमी का, विचारलं, तेव्हा मिश्रण नवं आहे म्हणालात. मी पुरवठ्याची नोंद पाहिली, मिश्रण तेच आहे. बुधवारी आठपासून तुम्ही यांचे गुडघे विचारत होता. दहाला उपचाराचा गॅस जोडून घेतलात. कळ बारा चाळीसला आली. दुखणं यायच्या आधी ज्याला त्याची वाट ठाऊक असते, त्याने ते येताना पाहिलेलं असतं. मग पुस्तकातले दहा सोडून आठच वाढवलेत. एवढेच कमी पडलेत, हे त्या घडीला या जहाजावर एका माणसाला ठाऊक होतं. संध्याकाळी फाइल बदलून टाकलीत. सीलबंद कॉम्प्युटरला मात्र हात लावता येईना. आत माणसं अडकली होती, आणि तुमचा प्रोग्रामही त्यांच्याबरोबर अडकला होता."

बाईंनी शेवटचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"हा तुमचा तक्ता, बिघडलेल्या प्रोग्रामला चौऱ्याहत्तर देऊन काढलेला. हा मुलीने स्वच्छ प्रोग्रामला सहासष्ट देऊन काढलेला. ऑक्सिजनची ओळ सोडली तर मिनिटन् मिनिट सारखं आहे. जो आठ खातो त्याला तुम्ही आठ जास्त वाढलेत. याला अंदाज म्हणत नाहीत, डॉक्टर."

मॅनेजरने दोन्ही कागद उचलले आणि बोटाने ओळी मोजत राहिला. मामा भिंतीचा टेकू सोडून पुढे आले होते.

डॉक्टर टेबलाजवळच्या खुर्चीत बसले. सुरुवातीला खरंच चूकच होती, म्हणाले. चिठ्ठी मिळाली तेव्हा घरी त्यांनी हिशेब करून पाहिला. बदललेल्या खोलीने तक्ता चार दिवस वीस तासांचा येत होता. त्यांच्या अर्जात बरोबर तेवढेच होते. समितीने दोन वर्षं न वाचता परत पाठवलेला आकडा, आणि तो आपसूक समोर आला. एकदा निभावलं असतं तर सगळ्या पाणबुड्यांचे दिवस वाचले असते. पुढेही ते काही बोलत होते, हलक्या, समजूत घालणाऱ्या आवाजात.

"थोरल्याला काहीही झालेलं नाही, हे लक्षात घ्या," ते म्हणाले. "सिद्धांत अर्धा तरी बरोबर आहे."

फोनमधून थोरल्याचा आवाज आला. यंत्राने सरळ केलेला, सपाट.

"डॉक्टर, आम्हाला विचारलं असतंत तर मी कदाचित हो म्हणालो असतो. याला मात्र नको म्हणालो असतो. याचं पोर यायचंय."

डॉक्टरांनी काचेकडे पाहिलं. काच त्यांच्यापासून दोन हातांवर होती. बंदराचे पोलीस येईपर्यंत ते त्याच खुर्चीत बसून राहिले, आणि जिना चढताना एका पायरीवर इतका वेळ थांबले की मागच्या शिपायाला त्यांना हलकेच पुढे सारावं लागलं.

चारला काही सुरू झालं नाही. शहराच्या इस्पितळातून दुसऱ्या डॉक्टर आल्या. त्यांनी धाकट्याला काचेसमोर पाय हलवायला लावले, पुस्तकाप्रमाणे दाब आणखी दोन मीटरने वाढवला आणि तिथे सहा तास थांबायचं ठरवलं. प्रोग्रामरने नवा तक्ता काढला, बाईंनी तो जुन्या छापील कोष्टकांशी एकेक ओळ पडताळला आणि मगच सही केली. प्रोग्रामरने स्वतःच्या चुकीची नोंदही त्याच वहीत, त्याच पानावर केली. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मॅनेजरने मामांना पॅनेलकडे हात दाखवला. तो माफीचं बोलायला लागला. मामांनीच त्याला सोडवलं. होतं असं, म्हणाले, आणि खुर्चीत बसले. त्यांनी हात मांडीवर पुसला आणि झडपेवर ठेवला.

मग फोन उचलला.

"ऐकताय का रे दोघं? नवा तक्ता आलाय."

"किती?" थोरल्याने विचारलं.

"एकशे चार तास."

एकशे चार म्हणजे चार दिवसांहून जास्त, पोलादाच्या पाच पावलांत. काचेतून धाकटा दिसत होता. तो बिछान्यावर उठून बसला होता आणि दोन्ही हातांनी डावा गुडघा धरून तो हळूहळू दुमडत होता, सरळ करत होता, पुन्हा दुमडत होता. त्यानेच भावाच्या हातून फोन घेतला.

"चालेल मामा," तो म्हणाला. "पण मोजायला तूच बस."